चार खांबांचं देऊळ

ता. १० मार्च १९४६, रविवार

आजपासून रोजनिशी. थोर संशोधकांच्या रोजनिश्या त्यांच्या माघारी सापडतात आणि छापल्या जातात. तसा माझा काही हेतू नाही. ही खासगी आहे. तरीपण अक्षर नीट काढतो आहे.

कारण असं. काल हंबीरराव हवालदार पलटणीतून सुटून गावी आला. आमचा धाकटा भाऊ मानसिंग त्याच्याच कंपनीत होता. मळ्याच्या वाटेवर गाठ पडली. त्यानं खिशातून चिंधी काढली, सोडली आणि एक चांदीचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. इटलीत खंदक खणताना मानसिंगच्या फावड्याला लागलं होतं म्हणे. एका बाजूला पानांची माळ डोक्याला बांधलेला लांबनाक्या राजा. दुसऱ्या बाजूला देऊळ. चार खांब, वर तिकोनी छप्पर, आत कोणी तरी बसलेलं. अस्सल रोमन. मला बघताक्षणी कळलं.

हंबीरराव म्हणाला, मानसिंगनं सांगितलंवतं, ह्ये आईला द्या, देऊळ हाय त्येच्यावर, देव्हाऱ्यात ठेव म्हनावं. आता आईला द्या म्हणजे घरी द्या, आणि घरी म्हणजे अर्थात मला. आईला रोमन इतिहासातलं काय कळतंय.

हंबीररावाला बांधावर बसवून सगळी माहिती काढली. किती खोल, माती काळी का तांबडी, शेजारी खापरं होती का. तो मधेच मानसिंगबद्दल काही सांगायला लागला, पण मी त्याला वळवून विषयावर आणलं. संशोधनात विषयांतर नको.

ता. ११ मार्च, सकाळ

संकल्प. रोमन नाणी जमवायची, पण फक्त देवळांची. राजांची मुंडकी कोणीही जमवतं. बारा झाली की इंग्रजीत ग्रंथ. नावाचं पान काल तयार केलं. पहाटे पाचला उठायचं. (आज साडेसातला उठलो, कारण काल नावाच्या पानाला वेळ लागला.)

आईनं टाकाचा विषय काढला. आमच्यात लढाईत गेलेल्या माणसाचा टाक करतात. चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला वीर, आणि तो देव्हाऱ्यात खंडोबा-जोतिबाच्या ओळीला बसवतात. टाक बसेपर्यंत तो माणूस घराबाहेर उभा असतो असं आईचं म्हणणं. म्हणाली, दीड वरीस झालं, माजं पोर दारात हुबं हाय. घट बसायच्या आत त्येला देवात बसवू. चांदी तेवढी आन, लाला.

म्हटलं, एवढंच ना. या आठवड्यात आणतो.

ता. १५ मार्च

काल साताऱ्याला. वाचनालयात इंग्रजी ज्ञानकोशाचा एक खंड मिळाला, त्यात नाण्यांवर मजकूर आहे. चार खांबांच्या देवळाला 'टेट्रास्टाइल' म्हणतात. दिवसभर पाठ केला. परतीच्या मोटारीत शेजारच्या पाटलांना सहज ऐकवला. त्यांनी विचारलं, खोकल्यावर हाय काय.

सराफांच्या दुकानांवरूनच आलो, पण डोक्यात टेट्रास्टाइल. चांदी राहिली. पुढच्या खेपेला.

ता. ९ एप्रिल, लोणंद स्टेशन

नामी कल्पना. पलटणी मोडताहेत, जवानांच्या गाड्या लोणंदला पाण्याला थांबतात. इटलीहून आलेल्या प्रत्येकाच्या ट्रंकेत काही ना काही असणारच.

खिडकी-खिडकीतून विचारत हिंडलो. एका नाईकाला वाटलं मी मिलिटरी पोलीस. त्यानं ट्रंक पोटाशी धरली. दुसऱ्यानं इटालियन शिपायाच्या कोटाचं बटण दिलं, फुकट. तिसरा म्हातारा सुभेदार होता. त्यानं विचारलं, तुमचं कोन हुतं का तिकडं. म्हटलं, भाऊ. त्यानं विचारलं, आला का. म्हटलं, मी नाण्यांसाठी आलोय.

मग गाडी हलली. कांद्याच्या पोत्यांवर बसून डबा खाल्ला. बटणावर देऊळ नाही, पण मुगुट आहे. ठेवून घेतलं.

ता. १० एप्रिल

लीला, म्हणजे आमचं कुटुंब, संतापली आहे. गुऱ्हाळाचं शेवटचं आधण, रस काहिलीत आणि मालक लोणंदला. म्हणाली, आवं, बटनाला गूळ लावून खायाचा का. तिला दूरदृष्टी नाही. गूळ दरसाल होतो.

ता. २ मे, विटा

विट्याकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळण्याची दुकानं चालवतात. म्हणजे सगळ्या हिंदुस्थानातली मोड यांच्या हातून जाते. रोमन नाणी त्यात येणारच. लीलाचा मावसभाऊ ज्ञानू याचं दुकान मद्रासला आहे. तो यात्रेला आलाय असं कळल्यावर तडक गेलो.

त्याला म्हटलं, देऊळ दिसलं की नाणं बाजूला ठेवत जा. ज्ञानू म्हणाला, दाजी, वर काय हाय ते आमी बघत न्हाई. मुशीत पडलं की देऊळ काय आन् राजा काय, समद्याचं पानीच. म्हटलं, अरे, तू इतिहास वितळवतोस. म्हणाला, व्हय, पर नंतर घट्ट बी करतो.

अडाणी धंदा. चिडून जेवण न करता निघालो. त्याच्याकडून चोख चांदी स्वस्तात मिळाली असती, हे घरी पोचल्यावर सुचलं. आई दारातच उभी होती. माझ्या हाताकडं बघितलं आणि आत गेली.

ता. २० मे. ऐतिहासिक दिवस

खतासाठी मळ्यात मेंढरं बसवली आहेत. कळप जतच्या धुळा धनगराचा. पावसाळ्याच्या तोंडाला तो परत जातो. आज सकाळी बांधावरून जाताना धुळाच्या बायकोच्या, हरणाबाईच्या, गळ्यातल्या दोऱ्यात नाणं दिसलं. नाण्यावर चार खांब.

मी थबकलो. नीट दिसेना म्हणून पुढं वाकलो. अजून पुढं वाकलो. तेवढ्यात धुळा काठी घेऊन आला आणि म्हणाला, मालक, काय बघताय. मी म्हटलं, टेट्रास्टाइल. त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग सगळं सविस्तर समजावून सांगितलं, तेव्हा कुठं हरणाबाईनं नाणं सोडून हातात दिलं.

चार कोपऱ्यांना चार उंच खांब, मधे कमान. रोमन लोकांचा कमानीवर भर होता असं खंडात आहेच. अक्षरं झिजलेली. लॅटिन असावीत. उजवीकडून डावीकडं लिहिल्यासारखी दिसतात, म्हणजे फारच जुनी लॅटिन.

बदल्यात माझा चांदीचा करदोटा दिला. धुळा बायकोशी कानडीत काही बोलला आणि दोघं बराच वेळ हसली. करदोटा आवडला असावा.

रात्री जेवताना आई म्हणाली, चांदी मागत हुते तवा ह्यो करदोटा सुचला न्हाई व्हय रं. मी हात धुऊन आडवा झालो. पाठ दुखत होती.

ता. ४ जुलै, सांगली

शोध तज्ज्ञाला दाखवावा म्हणून सांगलीला. आधी गणपतीच्या देवळात जाऊन सभामंडपाचे खांब मोजले. सवय असावी.

पेठेतल्या एका जुन्या सराफाला हरणाबाईचं नाणं दाखवलं. त्यानं चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाला, हैद्राबादचा शिक्का हाय ह्यो, आन् ह्यो चारमिनार. हळद न्यायला तिकडची मानसं येत्यात, त्येंच्या कनवटीला असत्यात. अजून पायजेत का.

सराफ लोक असे शोध दडपून टाकतात. आधी माल खोटा म्हणायचं, मग स्वस्तात घ्यायचा. मी परीक्षा म्हणून त्याला म्हटलं, बरं, मग तुम्हीच घ्या. तो नको म्हणाला. किती मुरलेला असेल.

मोटारीत शांतपणे विचार केला. चारमिनार आहे असं क्षणभर धरलं, तरी चारमिनार ही रोमन देवळाची नक्कल नसेल कशावरून. ग्रंथात यावर स्वतंत्र प्रकरण.

चांदी. सराफाच्या दुकानातच होतो. पण अशा माणसाकडून घ्यायची म्हणजे अपमान.

ता. १३ जुलै, बेंदूर

मोटारी बंद. कोयनेला पाणी. घरीच.

आज बैलं रंगवली. शिंगांना हिंगूळ लावायचं काम मानसिंगचं असायचं. तो वीस वर्षांचा झाला तरी त्याचा वरचा ओठ कोरा. पोरं चिडवायची. एका बेंदराला यानं बैलाच्या शेपटीचे केस गुळाच्या पाकानं ओठावर चिकटवले आणि मिरवणुकीत पुढं नाचला. नंतर निघेनात. आईनं गरम पाण्यानं शेकून काढले, एकीकडं हसत आणि एकीकडं शिव्या देत. भरतीला निघाला तेव्हा मला म्हणाला, दादा, आता येतो ते मिशी घिऊनच.

त्याची आठवण आली की मला घरात बसवत नाही. मग मी साताऱ्याला जातो, नाही तर सांगलीला. आज जाता येईना. सोप्यात येरझारा घातल्या. लीला म्हणाली, आवं बसा की जरा, जमीन झिजल.

विषयांतर झालं. उद्यापासून नाण्यांशिवाय काही लिहायचं नाही.

ता. २० ऑगस्ट

पुण्याच्या एका प्रोफेसरांना पत्र टाकलं होतं. उत्तर आलं. त्यांची सासुरवाडी कराडची, दसऱ्याला येणार आहेत, तेव्हा संग्रह बघायला आमच्या गावी येतील. कार्ड चार वेळा वाचलं. लीलाला वाचून दाखवलं. आईला समजेल अशा भाषेत सांगितलं. तिनं विचारलं, दसऱ्याच्या आदी टाक हुईल न्हवं. म्हटलं, अगं होईल.

संग्रहाची आजची स्थिती: रोमन, एक. रोमन पण वादग्रस्त, एक. बटण.

आता चोरीची भीती. माझ्या संग्रहाचा बोभाटा पंचक्रोशीत झालेला आहे. देवळाचं नाणं कुठं ठेवावं. कणगीत उंदीर. माझ्या पेटीला कुलूप नाही. मानसिंगची ट्रंक माळ्यावर आहे, तिला चांगलं कुलूप आहे, पण ती मी उघडणार नाही.

शेवटी सुचलं. देव्हारा. आईशिवाय आमच्या घरात देवाला कोणी शिवत नाही. देवांच्या खाली तांबडं फडकं असतं. आई ओढ्यावर गेल्याचं बघून नाणं त्या फडक्याखाली सरकवलं, बरोबर जोतिबाच्या टाकाच्या तळाशी. बँकेत इतकं सुरक्षित राहिलं नसतं. स्वतःच्या बुद्धीचं कधी कधी आश्चर्य वाटतं.

ता. १४ सप्टेंबर

कराडला जाऊन सुताराकडून काचेची पेटी आणली. सागवानी, बारा खळ्यांची. दोन खळी भरतील, एकात बटण. बाकीची नऊ प्रोफेसरांना संग्रहाची दिशा दाखवतील. आत मखमल हवी होती. कापड रेशनवर, मखमल कुठली मिळायला. लीलाच्या लग्नातल्या चोळीची बाही कामाला आली. तिला अजून सांगितलेलं नाही.

पेटी छातीशी धरून आलो, त्यामुळं दुसरं काही आणायला हात मोकळा नव्हता. चांदी राहिली. पितृपंधरवडा चालू आहे, आई बोलणार म्हणून तयारीत होतो.

नवल म्हणजे आई काही बोलली नाही. उलट धपाटी करून वाढली, वर लोण्याचा गोळा. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, तू बोलत न्हाईस, पर तुज्या मनात असतंय. तिचे डोळे भरले होते.

संशोधनाचं महत्त्व तिला पटायला लागलंय. उशिरा का होईना.

ता. २६ सप्टेंबर, घटस्थापना

आज घट बसले. देव्हाऱ्यात ओळीच्या शेवटी विड्याच्या पानावर नवा टाक. घोडा, वर वीर, हातात भाला. मानसिंगचा. आईनं तात्याबा सोनाराकडून करून आणला. चांदी कुठून तरी जमवलेली दिसते. मी मुद्दाम विचारलं नाही, तिला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. माझं एक काम हलकं झालं.

टाकाकडं फार वेळ बघितलं नाही. धुपानं डोळे चुरचुरतात.

आता नऊ दिवस देव हलवायचे नाहीत. म्हणजे नाण्यावर खुद्द जोतिबाचा पहारा. दसऱ्याला घट उठले की काढू आणि थेट प्रोफेसरांच्या हातात देऊ. योग कसे जुळून येतात.

शेजारच्या राहीबाई दर्शनाला आल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, लालासाब, भाऊ असावा तर असा. त्यांच्यापर्यंतही संग्रहाची कीर्ती गेली म्हणायची. पण भावाचा काय संबंध, ते समजलं नाही.

ता. ५ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

पाचला उठलो. प्रथमच. भाषण पाठ आहे. इस्त्रीचा कोट. पेटी सोप्यात टेबलावर मांडली, पहिलं खळं मोकळं ठेवलं. प्रोफेसर अकराच्या मोटारीनं येतील. प्रथम बटण, मग हरणाबाईचं नाणं, मग थोडा वेळ काही बोलायचं नाही आणि शेवटी देऊळ. लीलाला चहाची खूण सांगून ठेवली आहे.

त्याच दिवशी, दिवेलागण

प्रोफेसर आले. चांगले गृहस्थ. बटणाकडं बघून म्हणाले, बटण आहे. हरणाबाईच्या नाण्याकडं बघून म्हणाले, हैदराबाद, आपल्या दोघांच्या वडिलांपेक्षा लहान असेल. मी म्हटलं, लॅटिन. ते म्हणाले, फारसी. लीलानं तेवढ्यात चहा आणला. खूण चुकली.

मी म्हटलं, खरं नाणं अजून यायचंय. आत गेलो. घट उठले होते. आईला म्हटलं, देव जरा उचल, फडक्याखालचं माझं नाणं घ्यायचंय.

आई म्हणाली, त्ये व्हय. त्ये तर तात्याबाला दिलं की. त्येचाच तर टाक झालाय.

आई सांगत होती. हंबीररावानं तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, मानसिंगनं काय धाडलं आणि कुठं ठेव म्हणाला. ती वाट बघत होती. म्हणाली, मी म्हनलं मागायचं न्हाई, लाला आपनहून देतुय का बघू. आन् पितरपाटाच्या तोंडाला फडकं धुवाया काडलं तर ह्ये नानं जोतिबाच्या पायाशी. हातात द्यायला लाजलास व्हय. त्यानं देव्हाऱ्यात ठेव म्हनलावता, तू बराबर तितंच ठेवलंस. म्या समद्या गावाला सांगितलंय, चांदी माज्या थोरल्यानं दिली म्हनून.

मग राहीबाईंचं बोलणं समजलं. धपाट्यांवरचं लोणीही.

आईचा समज तसाच राहू दिला. बाहेर येऊन प्रोफेसरांना सांगितलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, आतली मूर्ती बसलेली होती का उभी. मला आठवेना. सात महिने नाणं सांभाळलं आणि मूर्ती आठवेना. मार्चमध्ये मी बसलेली असं लिहिलंय, हे आत्ता पानं चाळल्यावर कळलं. त्यांनी देव्हाऱ्यासमोर हात जोडले, जेवले आणि दुपारच्या मोटारीनं गेले. भाषण राहिलं.

संध्याकाळी हंबीरराव सोनं द्यायला आला. आपट्याची पानं देवापुढं ठेवली, खाली वाकून मानसिंगचा टाक बराच वेळ न्याहाळला. मी म्हटलं, सोनाराचा ठसा एकच असतो, सगळ्याच वीरांना मिशा असतात. तू मनावर घेऊ नको.

तो म्हणाला, न्हाई, मिशी बराबर हाय. इटलीत फुटली हुती त्येला. लय जपायचा. आरशात बगून पानी लावायचा रोज. म्हनायचा, दादाला दावायची हाय.

मला हे माहीत नव्हतं.

ता. ६ ऑक्टोबर

काचेच्या पेटीत लीलानं भाजीपाल्याचं बी ठेवलं आहे. वांगी, गवार, घेवडा. बारा खळी भरली. मखमलीबद्दल ती अजून बोललेली नाही, म्हणजे बोलणार आहे.

साताऱ्याची मोटार आठला होती. कोट घातला होता. थांब्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो, हंबीररावाच्या गोठ्याकडं. तो धार काढत होता. पालथ्या पायलीवर बसलो. त्याला म्हटलं, मार्चमध्ये बांधावर तू मानसिंगबद्दल काही तरी सांगायला लागला होतास. मी मधेच बोललो. आता सांग.